दुखऱ्या अंगठ्याला नाव देणारा शल्यविशारद

उन्हाळी कांदा काढणीला आला की शिरूर तालुक्यात सकाळपासूनच शेताशेतांत बायकांच्या टोळ्या बसलेल्या दिसतात. उपटून वाळत घातलेल्या कांद्याची पात आणि मुळे विळ्याने काटायची, कांदा बाजूच्या ढिगावर टाकायचा आणि लगेच पुढचा उचलायचा. एका हातात कांदा, दुसऱ्या हातात विळा. अंगठे दिवसभर ताणलेले आणि मनगटे सतत वळणारी. भीमेकाठच्या दौंड तालुक्यात उसाचा पट्टा आहे. तेथे कोयता, मोळी आणि गुऱ्हाळ. दुभती जनावरे दोन्हीकडे आहेत, त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळी धार काढण्याचे काम चुकत नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत कामाची तऱ्हा वेगळी असली तरी हात तेच. या साऱ्या कामांचा भार शेवटी अंगठ्यावर येतो.

असे काही आठवडे गेले की मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस, हाडाचा लहानसा उंचवटा हाताला लागतो तेथे, दुखू लागते. प्रथम सकाळी, मग दिवसभर. पाण्याने भरलेला तांब्या उचलताना, कुलपात किल्ली फिरवताना, धुण्याला पीळ देताना कळ अंगठ्याकडून कोपराच्या दिशेने जाते. घरात कुणी त्याला लचक म्हणते, कुणी शीर आखडली म्हणते. हळद आणि चुन्याचा लेप लागतो, एखादा जाणकार चोळून देतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विळा हातात येतो. दुखणे फारच वाढले म्हणजे दवाखान्याची वाट धरली जाते. डॉक्टर मनगट एका विशिष्ट पद्धतीने वळवून पाहतात आणि केसपेपरवर एक चमत्कारिक शब्द लिहितात : डिक्वेर्वेन.

हा शब्द औषधाचा नव्हे, जंतूचाही नव्हे. तो एका माणसाचे आडनाव आहे. हा माणूस कधी भीमाकाठी आला नाही. त्याचे आयुष्य स्वित्झर्लंडच्या डोंगराळ मुलखात गेले. मात्र ज्या दुखण्याकडे शतकानुशतके कामाचा थकवा म्हणून काणाडोळा झाला, ते दुखणे नेमके कोठे आणि का होते हे पुराव्यानिशी मांडण्याचे श्रेय फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांच्याकडे जाते. (आडनाव मूळचे फ्रेंच असल्याने त्याचा उच्चार द केर्व्हां असा काहीसा होतो. आपल्याकडील डॉक्टरांनी तो आपल्या जिभेला सोयीचा करून घेतला आहे.)

धर्मोपदेशकाच्या घरातून शस्त्रक्रियागृहात

फ्रिट्झ यांचा जन्म ४ मे १८६८ रोजी स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतातील सिआँ या गावी झाला. वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होते. घराणे मूळचे फ्रान्समधील ह्युगेनॉ पंथीयांचे. धर्मावरून झालेल्या छळामुळे फ्रान्स सोडून जी कुटुंबे स्वित्झर्लंडच्या आश्रयास आली, त्यांपैकी एक. घरात मुले पुष्कळ होती. त्यांतील धाकटा भाऊ आल्फ्रेड पुढे हवामानशास्त्रज्ञ झाला आणि १९१२ मध्ये त्याने ग्रीनलंडचे बर्फाच्छादित पठार पार केले. थोरल्या भावाने निवडलेले क्षेत्र त्या मानाने फारच आटोपशीर होते. त्यातील वैद्यकशास्त्रात अजरामर ठरलेला भाग तर जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा आहे.

वैद्यकाचे शिक्षण त्यांनी बर्नच्या विद्यापीठात घेतले आणि १८९२ मध्ये ते पूर्ण केले. त्या काळचे बर्न हे शल्यविद्येचे तीर्थक्षेत्र होते आणि त्याचे कारण होते थिओडोर कोखर. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीवरील शस्त्रक्रिया त्याआधी जिवावर बेतणारी मानली जाई. रक्तस्राव आटोक्यात ठेवून, एकेक पेशीजाल ओळखत, सावकाश आणि नेटकेपणाने शस्त्रक्रिया करण्याची शिस्त कोखर यांनी घालून दिली. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शल्यविशारदाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. तरुण डी क्वेर्व्हेन हे या कोखर यांचे साहाय्यक. घाई न करणे, जे दिसले तेवढेच लिहिणे आणि जे कापले त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घेणे, हे संस्कार त्यांच्यावर तेथे झाले.

बर्नमधील उमेदवारी संपल्यावर नव्वदच्या दशकाच्या मध्यास ते ला शो-द-फाँ या गावी गेले. जुरा पर्वतरांगेत सुमारे एक हजार मीटर उंचीवर वसलेले हे गाव घड्याळांचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आगीत भस्मसात झाल्यानंतर ते सरळ रेषांत, उजेड थेट कामाच्या मेजावर येईल अशा बेताने पुन्हा उभारण्यात आले. साऱ्या गावाचा मिळून जणू एकच घड्याळांचा कारखाना झाला आहे, असे निरीक्षण कार्ल मार्क्स यांनीही नोंदविले होते. प्रसिद्ध वास्तुरचनाकार ल कार्बुझिए यांचा जन्म याच गावचा. येथे १८९७ मध्ये डी क्वेर्व्हेन रुग्णालयाच्या शल्यविभागाचे प्रमुख झाले आणि १९१० पर्यंत त्यांनी तेथे काम केले. विद्यापीठाच्या राजधानीतून डोंगरावरच्या कामगारवस्तीत जाणे ही त्या काळी पदावनती वाटण्याजोगी गोष्ट होती. त्यांचे पुढे टिकलेले बरेचसे काम मात्र या आडवळणाच्या गावीच झाले.

डिसेंबर १८९४

१८ डिसेंबर १८९४ रोजी डी क्वेर्व्हेन यांनी एका स्त्रीला तपासले. ती पस्तिशीच्या आसपासची होती आणि तिची प्रकृती एरवी उत्तम होती. लेखात तिचा उल्लेख केवळ एका आद्याक्षराने आहे. तक्रार एकच : अंगठ्याच्या बाजूला मनगटात असह्य दुखते आणि हाताने काम होत नाही. मार लागलेला नव्हता. हाड मोडलेले नव्हते. हात लाल झालेला नव्हता, तापही नव्हता.

आजच्या वाचकाला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण तो काळ लक्षात घ्यायला हवा. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून जवळजवळ वर्ष होते. आत काय चालले आहे हे पाहण्याचे साधन म्हणजे डॉक्टरची बोटे. चिवट, न बरे होणारे दुखणे सांधा किंवा कंडरा यांच्या जवळ आढळले, तर पहिला संशय क्षयाचा येई आणि तो संशय आला की पुढचे सारे उपाय त्या दिशेने जात. याउलट बाहेरून काहीच दिसत नसेल, तर संधिवात, मज्जातंतूंची तक्रार किंवा बाईमाणसाचे नाजूकपण अशी मोघम नावे देऊन रुग्णाला वाटेला लावले जाई. ही दुसरी सवय आजही पुरती गेलेली नाही.

डी क्वेर्व्हेन यांनी दोन्ही वाटा टाळल्या. क्षयाची शक्यता त्यांनी तपासून बाजूला सारली आणि दुखणे नेमके कोणत्या जागी आहे, याचा बोटाने शोध घेतला. सारा हात दुखत असल्याची तक्रार असली तरी दाबल्यावर कळ येत होती ती एकाच ठिकाणी, कोपरापासून येणाऱ्या अंगठ्याकडील हाडाच्या टोकावर. त्या टोकावरून अंगठ्याकडे जाणाऱ्या दोन कंडरा आहेत. कंडरा म्हणजे स्नायू आणि हाड यांना जोडणारी पांढरी, चिवट दोरी. यांतील एक अंगठ्याला तळहातापासून दूर नेते, दुसरी त्याला सरळ करते. मनगटाच्या पाठीवर अशा कंडरांसाठी एकूण सहा कप्पे आहेत. अंगठ्याकडील पहिल्या कप्प्यात या दोन कंडरा एकत्र राहतात. खाली हाडाची खाच आणि वर चिवट पट्ट्याचे छप्पर, अशा या अरुंद बोगद्यातून त्या दिवसभर पुढे-मागे सरकत असतात.

हा बोगदाच अरुंद झाला आहे, असे त्यांचे अनुमान होते. शस्त्रक्रियेत त्यांनी कंडरांवरील ते आवरण उघडले. आत पू नव्हता, क्षयाच्या गाठी नव्हत्या. आवरण जाड झालेले होते आणि त्याखाली कंडरा आवळल्या गेल्या होत्या. आवरण मोकळे झाल्यावर दुखणे ओसरले.

अशा पाच रुग्णांची हकिगत त्यांनी १८९५ मध्ये स्विस डॉक्टरांच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केली. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लिहिलेला हा लेख अवघ्या काही पानांचा आहे. त्यात मोठे सिद्धांत नाहीत. रुग्ण काय सांगतो, बोटाला काय जाणवते, आत काय आढळले आणि नंतर काय झाले, एवढेच आहे. आपले गुरू कोखर यांनीही असे रुग्ण पाहिले होते, हे त्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले.

हे दुखणे त्याआधी कुणाला ठाऊकच नव्हते असे म्हणणे योग्य ठरणार नाही. ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्रावरील विख्यात ग्रंथाच्या १८९३ च्या आवृत्तीत धुणे धुणाऱ्या बायकांच्या मनगटाची लचक म्हणून त्याचा उल्लेख आला होता. नाव बोलके आहे. चादरी पिळणाऱ्या हातांना हे होते, हे लोकांना कळले होते. का होते आणि त्यावर काय करायचे, हे कळले नव्हते. ज्यांचे हात दुखत होते त्या बायका वैद्यकीय नियतकालिकांत लिहीत नव्हत्या आणि जे लिहीत होते त्यांच्या घरचे धुणे दुसरे कुणी धूत होते.

अंगठा मुठीत

डी क्वेर्व्हेन यांनी १९१२ मध्ये याच विषयावर दुसरा लेख लिहून आणखी रुग्णांची भर घातली. पुढे १९२७ मध्ये आइखहॉफ या जर्मन डॉक्टरांनी एक सोपी चाचणी सांगितली. अंगठा तळहातावर दुमडायचा, त्यावर चारही बोटांची मूठ वळायची आणि मनगट करंगळीच्या बाजूला झुकवायचे. बोगद्यातील कंडरा त्यामुळे ताणल्या जातात आणि दुखणे असल्यास रुग्ण कळवळतो. १९३० मध्ये न्यूयॉर्कचे हॅरी फिंकेलस्टाइन यांनी डॉक्टरने स्वतः रुग्णाचा अंगठा धरून हात वळवायची पद्धत वर्णन केली. आज जगभर पहिली चाचणी दुसऱ्याच्या नावाने ओळखली जाते. ज्याने नाव मिळवून दिले त्याचे नाव दुखण्याला मिळाले, पण चाचणी सांगणाऱ्याच्या वाट्याला तेही आले नाही.

या मुठीकडे शिरूर-दौंडच्या गोठ्यांच्या संदर्भात जरा अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. गाय किंवा म्हैस पिळताना अनेकजण अंगठा आतल्या बाजूला दुमडून, त्याच्या पेरावर सड दाबून धार काढतात. म्हणजे चाचणीसाठी डॉक्टर जी मूठ काही क्षण वळायला सांगतात, जवळजवळ तीच मूठ दिवसातून दोन वेळा, शेकडो वेळा, जोर लावून वळली जाते. पशुवैद्यक ही पद्धत टाळायला सांगतात ते सडाला इजा होते म्हणून. अंगठा बाहेर ठेवून पूर्ण मुठीने पिळणे हे जनावराच्या हिताचे असते. पिळणाऱ्याच्या मनगटालाही ते अधिक मानवते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

शेतापुरतेच हे दुखणे मर्यादित नाही. तीस ते पन्नास या वयात ते अधिक आढळते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत तर ते हमखास भेटीला येते. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी बाळाच्या दोन्ही काखांत हात घालून, अंगठे ताणून त्याला दिवसातून पन्नासदा उचलते. संप्रेरकांतील बदल आणि शरीरात साठणारे पाणी यांचाही त्यात वाटा असावा असे मानले जाते. घरातली वडीलधारी माणसे अंगावर वारे गेले म्हणतात आणि शेक देतात. शेकाने तात्पुरते बरे वाटतेही. पण बाळाला उचलण्याची तऱ्हा बदलली नाही तर दुखणे तेथेच राहते. तळहात वर करून एक हात बाळाच्या पाठीखाली व दुसरा कुल्ल्यांखाली घातला, तर अंगठ्यावरचा ताण बराच कमी होतो. पुण्यामुंबईच्या वाचकांना मोबाईलवर अंगठ्याने तासन् तास लिहिण्याची सवय ओळखीची असेल. तिथेही ताण त्याच दोन कंडरांवर येतो.

औषधापेक्षा विश्रांती, विश्रांतीपेक्षा मजुरी

या दुखण्याला दाह म्हणावे की नाही, यावर आजचे वैद्यक डी क्वेर्व्हेन यांच्या काळापेक्षा थोडे वेगळे बोलते. काढलेले आवरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता त्यात दाहाच्या पेशी फारशा आढळत नाहीत. आवरणाचा पोत बदललेला, ते फुगून जाड झालेले दिसते. नुसत्या दाहशामक गोळ्यांनी अनेकांना पुरता आराम का पडत नाही, याचे एक कारण हे असावे. अशा गोळ्या महिनोन् महिने स्वतःच्या मनाने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंडे यांना इजा होऊ शकते, हे वेगळेच. अंगावर पाजणाऱ्या मातेने तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

पहिला उपाय आहे तो हाताला विसावा देण्याचा. त्यासाठी पट्टा लावतात. औषधाच्या दुकानात मिळणारा मनगटाचा साधा पट्टा येथे उपयोगाचा नसतो, कारण त्यात अंगठा मोकळाच राहतो. पट्टा असा हवा की जो मनगट आणि अंगठ्याचे बूड दोन्ही धरून ठेवील. अंगठ्याचे टोक तेवढे हलते राहिले तरी चालते. चार ते सहा आठवडे तो वापरला आणि दुखवणारे काम टाळले, तर सौम्य दुखणे बऱ्याचदा शमते. जोराने चोळून घेण्याने, बोटे ओढून कडकड वाजवून घेण्याने मात्र दुखावलेले आवरण आणखी चेततेच.

एवढ्याने भागले नाही तर बोगद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. या आजारात हायड्रोकॉर्टिसोनचा असा वापर १९५५ च्या सुमारास ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविला गेला आणि आज तो रूढ झाला आहे. एक किंवा दोन इंजेक्शनांनी बहुतांश रुग्णांना आराम पडतो. स्टिरॉइड या शब्दाची जी धास्ती आपल्याकडे आहे, ती रोज पोटात घ्याव्या लागणाऱ्या औषधावरून आली आहे. एका जागी दिलेल्या अल्प मात्रेला ती तशीच लागू होत नाही. तरी दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. मधुमेही रुग्णाची साखर काही दिवस वाढू शकते. आणि इंजेक्शनच्या जागची कातडी फिकी पडू शकते. सावळ्या हातावर तो पांढरट डाग उठून दिसतो आणि कोड आले या समजुतीने घरात रडारड होते. ते कोड नव्हे. बहुतेकदा काही महिन्यांत रंग परततो.

शेवटचा उपाय डी क्वेर्व्हेन यांचाच. जागा बधिर करून, लहानसा छेद घेऊन बोगद्याचे छप्पर उघडले जाते आणि रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो. शस्त्रक्रिया लहान असली तरी ती क्षुल्लक नाही. अंगठ्याच्या पाठीला संवेदना देणारा एक नाजूक मज्जातंतू नेमका याच जागेवरून, कातडीच्या लगेच खालून जातो. तो दुखावला तर मूळ दुखण्यापेक्षा वाईट, जळजळणारे दुखणे मागे राहू शकते. शिवाय अनेक हातांत या बोगद्याच्या आत एक पडदा असतो आणि एकाच्या जागी दोन बोगदे तयार झालेले असतात. त्यांतील एकच उघडला गेला तर रुग्णाची तक्रार तशीच राहते. इंजेक्शन काहींना लागू न पडण्यामागेही हा पडदा असू शकतो. हाताच्या शस्त्रक्रियेचा सराव असलेल्या शल्यविशारदाकडे जाणे म्हणूनच शहाणपणाचे. शिरूर किंवा दौंडहून त्यासाठी पुण्याला जायचे तर साठ ते ऐंशी किलोमीटरचा प्रवास आणि एका दिवसाचा खाडा, हा हिशेब घरात आधी होतो.

अंगठ्याच्या बाजूचे प्रत्येक दुखणे हेच असते असे नाही. अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याची झीज उतारवयात अगदी जवळच्याच जागी दुखते आणि मुठीच्या चाचणीतही कळ येते. पडताना हात टेकला असेल आणि नंतर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीत दुखत असेल, तर मनगटातील लहान हाड मोडले नसल्याची खात्री क्ष-किरणाने करून घ्यावी लागते. हे हाड पहिल्या चित्रात कधीकधी मोडलेले दिसतही नाही. बोटांना मुंग्या येत असतील तर वेगळी नस दबलेली असते. जागा लाल, गरम होऊन ताप आला असेल तर मात्र लेप-शेकाच्या नादी न लागता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपचारांची ही सारी उतरंड चढायला सोपी आहे. अवघड आहे ती पहिली पायरी. कांद्याचा हंगाम काही आठवड्यांचा असतो आणि मजुरी त्या दिवसाच्या कामाची असते. ऊसतोडणीसाठी जिल्ह्याबाहेरून आलेल्या जोडप्यातील एकाचा हात थांबला तर दोघांचा कोयता थांबतो. अशा घरात सहा आठवड्यांच्या विश्रांतीचा सल्ला म्हणजे न देण्यासारखाच. मग व्यवहारात निघतो तो मधला मार्ग : रात्री आणि घरकामात पट्टा, कामात हात आलटून-पालटून, विळ्याला जाड मूठ, धार पूर्ण मुठीने, आणि धुण्याला पीळ देण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे. हे शेवटचे सुचविणे सोपे. घडणे किती कठीण हे ज्याच्या त्याच्या घरी माहीत असते.

मिठाच्या पुडीपर्यंत

डी क्वेर्व्हेन यांना स्वतःला आपण मनगटाच्या दुखण्यामुळे ओळखले जाऊ असे वाटण्याचे कारण नव्हते. त्यांचे आयुष्यभराचे काम थायरॉइड ग्रंथीवरचे होते. तिच्या एका विशिष्ट, पू न होणाऱ्या दाहाचे सविस्तर वर्णन त्यांनी १९०४ मध्ये केले आणि त्या विकारालाही त्यांचेच नाव मिळाले. गळा दुखणे, ताप येणे, ग्रंथी हाताला टणक व दुखरी लागणे ही त्याची लक्षणे. ते दुखणे बहुधा आपोआप बरे होते आणि शस्त्रक्रियेची गरज पडत नाही, हे ओळखणे शल्यविशारदाला शोभणारेच होते. १९०७ मध्ये त्यांनी शल्यनिदानावर पाठ्यपुस्तक लिहिले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि इतर भाषांत अनुवाद झाले. १९१० मध्ये ते बाझेल येथे प्राध्यापक झाले. १९१७ मध्ये कोखर यांचे निधन झाल्यावर त्यांच्या जागी कोणाला आणावे या प्रश्नाचे उत्तर १९१८ मध्ये मिळाले : डी क्वेर्व्हेन बर्नला परतले, आपल्या गुरूच्या आसनावर.

स्वित्झर्लंडच्या डोंगरी खोऱ्यांत गलगंड हा घरोघरचा आजार होता. माती आणि पाण्यात आयोडीन कमी असल्याने ग्रंथी फुगत आणि अशा मातांच्या पोटी जन्मलेली काही मुले खुजी, बहिरी-मुकी व मंदबुद्धीची निपजत. डी क्वेर्व्हेन ज्या व्हॅले प्रांतात जन्मले तो यासाठी कुप्रसिद्ध होता. कोखर यांनी हजारो गलगंड कापले. परंतु कापून हा प्रश्न संपणारा नव्हता. १९१८ मध्ये ओटो बायार्ड या खेड्यातल्या डॉक्टराने व्हॅलेमधील काही कुटुंबांना अत्यल्प आयोडीन मिसळलेले मीठ देऊन पाहिले आणि ग्रंथी उतरू लागल्या. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडने गलगंड आयोग नेमला आणि त्याच वर्षी आयोडीनयुक्त मिठाचा पुरस्कार झाला. या खटपटीत डी क्वेर्व्हेन यांचा मोठा वाटा होता. ज्या शस्त्रक्रियेने गुरूला नोबेल मिळाले, त्या शस्त्रक्रियेची गरजच कमी करण्याच्या कामात शिष्याने उत्तरायुष्य घालवले. जन्मजात खुजेपणाच्या या विकारावर कार्ल वेगेलिन यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतात हाच मार्ग राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमाच्या रूपाने १९६२ मध्ये स्वीकारला गेला. किराणा दुकानातील मिठाच्या पुडीवर आयोडीनयुक्त हे अक्षर आज कुणी वाचतही नाही. ज्या स्वयंपाकघरात दुखऱ्या अंगठ्याने पीठ मळले जाते, तेथेच फळीवर ती पुडी ठेवलेली असते.

१९३८ मध्ये डी क्वेर्व्हेन बर्नच्या रुग्णालयातून निवृत्त झाले. आल्फ्रेड त्याआधीच, १९२७ मध्ये, निवर्तला होता. २४ जानेवारी १९४० रोजी, युरोप पुन्हा युद्धात ओढला गेलेला असताना, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी बर्न येथे फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांचे निधन झाले.